कायदा आणि कारभार: ठाणे-नवी मुंबईतून पीएचडी करायची तर

महापालिकेची कुठलीही फाइल उघडा, तिला दोन बाजू असतात. एका बाजूला पत्रव्यवहार: अर्ज, नोटिसा, नकाशे, शेवटच्या आदेशाची प्रत. दुसऱ्या बाजूला टिप्पणी, म्हणजे लिपिकापासून आयुक्तांपर्यंत कुणी काय लिहिलं ते. ‘मान्यतेस्तव सादर.’ त्याखाली ‘कृपया चर्चा करावी.’ आणि चार दिवसांनी, वेगळ्या शाईत, ‘चर्चा केली. प्रस्तावानुसार.’

कायद्याचा विद्यार्थी पत्रव्यवहाराच्या बाजूचा आदेश वाचतो आणि त्यावरचे निकाल शोधतो. राज्यशास्त्राचा किंवा समाजशास्त्राचा विद्यार्थी वस्तीत जाऊन मुलाखती घेतो. ‘चर्चा केली’ या दोन शब्दांत नेमकं काय ठरलं, ते दोघांच्याही हाती लागत नाही. लॉ अँड गव्हर्नन्स या नावाने जे आंतरविद्याशाखीय संशोधन चालतं, ते याच जागेत शिरायचा प्रयत्न करतं. कायदा काय म्हणतो, टेबलावर काय होतं आणि या दोहोंतलं अंतर का पडतं, हे एकाच प्रबंधात तपासायचं.

ठाणे कोर्टात वकिली करणारे, मंत्रालयात किंवा कोकण भवनात नोकरीला असलेले, राज्यशास्त्रात एमए करून नेटच्या (प्राध्यापकपदासाठीच्या राष्ट्रीय पात्रता परीक्षेच्या) मागे लागलेले आणि स्पर्धा परीक्षांची वर्षं संपल्यावर ‘आता या वाचनाचं करायचं काय’ असं विचारणारे, हे सगळे या वाटेने येतात. पुढचं सगळं त्यांच्यासाठी आहे.

आधी प्रश्न, मग विद्यापीठ

बहुतेक जण उलटं करतात. आधी प्रवेशाची जाहिरात बघतात, मग गाईड शोधतात आणि अर्ज भरायच्या आदल्या रात्री विषय ठरवतात. या क्षेत्रात ते फार महागात पडतं, कारण कुठल्या विभागात जायचं हेच मुळी प्रश्नावर अवलंबून असतं.

प्रश्न बरा आहे की नाही हे ओळखायची माझी एक साधी कसोटी आहे. नुसते कायदे आणि निकाल वाचून उत्तर मिळत असेल, तर तो एलएलएमचा, म्हणजे कायद्यातल्या पदव्युत्तर पदवीचा, विषय आहे. कायद्याला हातही न लावता नुसत्या मुलाखतींतून उत्तर मिळत असेल, तर समाजशास्त्र विभागात जा. दोन्ही केल्याशिवाय उत्तर मिळत नसेल, तर इथे या.

उदाहरण नवी मुंबईचंच घेऊ. २०१५ साली निवडून आलेल्या नगरसेवकांची मुदत मे २०२० मध्ये संपली. त्यानंतर महापालिकेची निवडणूक झाली ती थेट जानेवारी २०२६ मध्ये. मधली साडेपाच वर्षं नगरसेवकांच्या सभागृहाऐवजी सरकारने नेमलेला प्रशासक. ठाण्यात हीच स्थिती मार्च २०२२ पासून होती. आता ‘नवी मुंबईतील प्रशासकीय राजवट: एक अभ्यास’ असं शीर्षक घेऊन कुणी आलं, तर मी त्याला चहा पाजून परत पाठवीन. ‘एक अभ्यास’ असं शेपूट लावलेल्या शीर्षकात बहुधा प्रश्नच नसतो.

हाच विषय जरा आवळून बघा. महापालिकेचा कायदा अधिकार तीन ठिकाणी वाटतो: सर्वसाधारण सभा, स्थायी समिती आणि आयुक्त. प्रस्ताव आयुक्तांकडून येतो, मंजुरी समितीकडून किंवा सभेकडून मिळते. प्रशासकाच्या काळात आयुक्त हेच प्रशासक होते, म्हणजे प्रस्ताव मांडणारा आणि मंजूर करणारा एकच. मग प्रश्न असा होतो: एरवी ज्या प्रस्तावांवर सभागृहात किमान दोन-चार आक्षेप नोंदले गेले असते, त्यांवर या काळात कारणं कागदावर उतरली का? कुठल्या प्रकारच्या प्रस्तावांत उतरली, कुठल्यांत नाही? २०१५ ते २०२० आणि २०२० ते २०२६ अशी तुलना घरबसल्या मिळते. महापालिका तीच, कायदा तोच, फक्त सभागृह नाही.

यात कायद्याचं काम भरपूर आहे. राज्यघटनेचं कलम २४३-यू पाच वर्षांची मुदत घालून देतं आणि ती संपण्याआधी निवडणूक पूर्ण करायला सांगतं. किशनसिंह तोमर प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्ये ते ठासून सांगितलं होतं. मग २०२१ चा विकास गवळी निकाल आला, ओबीसी आरक्षणासाठी तीन अटींची ‘तिहेरी चाचणी’ आली, प्रभागरचनेचे वाद आले आणि शेवटी मे २०२५ मध्ये न्यायालयालाच निवडणुका घ्या म्हणून बजावावं लागलं. ही झाली एक बाजू. दुसरी बाजू ठरावांच्या फायलींत आहे आणि त्या फायली बेलापूरच्या मुख्यालयात आहेत.

आणखी दोन-तीन विषय इथल्या इथे पडून आहेत. गावठाणांतल्या ‘गरजेपोटी’, म्हणजे कुटुंब वाढलं म्हणून परवानगीशिवाय बांधलेल्या, घरांचं घ्या. नवी मुंबई वसवणाऱ्या सिडको या सरकारी महामंडळाने जमीन घेतली, गावं जागच्या जागी राहिली, कुटुंबं वाढली, घरं वाढली. नियमित करण्याचे शासन निर्णय येत गेले, तरी घराघराचा कागद काही पक्का होत नाही. जमिनी गेलेल्या प्रकल्पग्रस्तांच्या १९८४ च्या जासईच्या आंदोलनापासून त्यांना मोबदल्यात द्यायच्या साडेबारा टक्क्यांच्या भूखंडांपर्यंतचा सगळा इतिहास या विषयामागे उभा आहे. ठाण्यात धोकादायक इमारती आहेत. ४ एप्रिल २०१३ ला शीळफाट्याला इमारत कोसळून ७४ माणसं गेली. दर पावसाळ्याआधी सी-१, म्हणजे अतिधोकादायक, इमारतींची यादी लागते, महापालिका कायद्यातल्या कलमाची ‘२६४ ची नोटीस’ निघते आणि त्या नोटिशीचा अर्थ मालक एक लावतो, भाडेकरू दुसरा, प्रभाग कार्यालय तिसरा. वाशीच्या बाजार समितीत हमालांसाठीचा १९६९ चा माथाडी कायदा रोज वापरात असतो. २०१५ च्या लोकसेवा हक्क कायद्याखाली अर्ज मुदतीत ‘निकाली’ निघतो म्हणजे मंजूर होतो की फेटाळला जातो, हा प्रश्नही छोटा नाही.

आणि नवी मुंबईत एक गोष्ट फार सोयीची आहे: एकाच शहरात तीन यजमान. जमीन १९७० साली स्थापन झालेल्या सिडकोची, नागरी सेवा आणि बांधकाम परवानगी १९९२ साली आलेल्या महापालिकेची, ठाणे-बेलापूर पट्टा एमआयडीसी या औद्योगिक विकास महामंडळाचा. एकाच रस्त्याच्या खड्ड्यासाठी माणूस तीन कार्यालयांत जाऊन येतो. अधिकारक्षेत्र हा शब्द पुस्तकात वाचण्यापेक्षा दिघ्याला जाऊन बघावा.

विषय निवडताना एवढंच बघा, की त्याचा कागद तुमच्या लोकलच्या टप्प्यात आहे. नोकरी सांभाळून अर्धवेळ करणाऱ्याने गडचिरोलीच्या ग्रामसभांवर विषय घेऊ नये. विषय उत्तम आहे, पण त्यासाठी तिथे राहावं लागतं.

पात्रता: एलएलबीवाल्यांनी इथे थांबून वाचावं

विद्यापीठ अनुदान आयोगाचे नोव्हेंबर २०२२ चे पीएचडी नियम सध्या लागू आहेत. पदव्युत्तर पदवीला ५५ टक्के लागतात. अनुसूचित जाती-जमाती, नॉन-क्रीमीलेअर ओबीसी, दिव्यांग आणि आर्थिक दुर्बल घटकांना पाच टक्के सवलत. चार वर्षांच्या पदवीला ७५ टक्के असतील तर पदव्युत्तर न करताही अर्ज करता येतो. एमफिल बंद झालंय, त्यामुळे ‘आधी एमफिल करून बघतो’ ही जुनी पायरी आता नाही.

तीन वर्षांची एलएलबी पदवीनंतर केली म्हणून ती पदव्युत्तर ठरत नाही. एलएलएम किंवा दुसऱ्या विषयातली एमए हवीच. पाच वर्षांच्या एकत्रित अभ्यासक्रमाचं गणित संस्था कशी मांडते ते अर्जाआधी ईमेल करून लेखी घ्या. फोनवर मिळालेलं ‘हो, चालेल’ छाननीच्या दिवशी कुणालाच आठवत नाही.

मुदत किमान तीन वर्षं, कमाल सहा. त्यावर पुनर्नोंदणी करून दोन वर्षं मिळतात, आणि महिलांना व ४० टक्क्यांवर दिव्यांगत्व असलेल्यांना आणखी दोन. महिलांना संपूर्ण काळात २४० दिवसांपर्यंत प्रसूती वा बालसंगोपन रजा घेता येते. दूरशिक्षणाने किंवा ऑनलाइन केलेली पीएचडी आयोग मानत नाही. तशी जाहिरात दिसली तर पान उलटा.

नोकरदारांना अर्धवेळ करता येते, मात्र कार्यालयाचं ना हरकत प्रमाणपत्र लागतं आणि त्यात तीन गोष्टी शब्दांत लिहिलेल्या असाव्या लागतात: अर्धवेळ शिकायला परवानगी आहे, कामातून संशोधनाला वेळ मिळेल, आणि गरज पडली तर कोर्सवर्कसाठी, म्हणजे पीएचडीतल्या वर्गांसाठी, मोकळीक दिली जाईल. आस्थापना शाखेकडून येणाऱ्या छापील पत्रात सहसा पहिली एकच असते. मसुदा स्वतः टाइप करून न्या, म्हणजे फेरी वाचेल.

कुठे अर्ज करायचा

या विषयाला वाहिलेलं देशातलं नावाजलेलं केंद्र म्हणजे दिल्लीच्या जेएनयूमधलं सेंटर फॉर द स्टडी ऑफ लॉ अँड गव्हर्नन्स, २००१ पासूनचं. कायदा, राज्यशास्त्र, अर्थशास्त्र, समाजशास्त्र अशा निरनिराळ्या विषयांचे लोक तिथे एका छताखाली शिकवतात. बेंगळुरूच्या नॅशनल लॉ स्कूलमध्ये कायद्यातल्या पीएचडीबरोबर वेगळी आंतरविद्याशाखीय पीएचडीही आहे. घर सोडता येत असेल तर दोन्हींकडे अर्ज करा.

घर सोडता येत नसेल, तरी आपलं बरं आहे. देवनारला टाटा सामाजिक विज्ञान संस्था आहे. तिथे कायदा, हक्क आणि घटनात्मक कारभार यांवरचं स्वतंत्र स्कूल आहे. पवईला आयआयटीत अशांक देसाई सेंटर फॉर पॉलिसी स्टडीज आहे; सार्वजनिक धोरणावर काम करायचं असेल तर तिकडे नक्की बघा, आकडेमोडीची भीती नसावी एवढंच. पवईलाच महाराष्ट्र राष्ट्रीय विधी विद्यापीठ आहे. मुंबई विद्यापीठात विधी विभाग एकीकडे आणि कलिन्याच्या विद्यानगरीत नागरिकशास्त्र व राजकारण विभाग दुसरीकडे.

मुंबई विद्यापीठाकडे जाणाऱ्याने समजून घ्यायची गोष्ट अशी, की तिथे ‘लॉ अँड गव्हर्नन्स’ अशी पाटी शोधू नका. एका विषयात नोंदणी करून दुसऱ्या विभागातून सहमार्गदर्शक घ्या. २०२२ च्या नियमांत दुसऱ्या विभागातला, अगदी दुसऱ्या संस्थेतलाही सहमार्गदर्शक चालतो. आंतरविद्याशाखीय पीएचडीचा हा कायदेशीर आणि स्वस्त मार्ग आहे आणि फार थोडे जण तो वापरतात. का, तर दोन प्राध्यापकांना एका खोलीत बसवणं हेच मोठं संशोधन आहे.

नोंदणी कुठल्या विषयात करायची? पुढे शिकवायचं असेल तर याचा नीट विचार करा. सहायक प्राध्यापकाच्या जागा विषयवार निघतात. विधी महाविद्यालयात जायचं असेल तर नोंदणी कायद्यात असलेली बरी. प्रबंधात समाजशास्त्र कितीही असो, छाननी समिती पहिल्या पानावरचा विषय बघते.

गाईड

‘गाईड मिळाला का?’ हा प्रश्न लग्नसमारंभातही विचारला जातो, आणि त्याचं कारण खरं आहे: जागा मोजक्या असतात. प्राध्यापकाला एका वेळी आठ, सहयोगी प्राध्यापकाला सहा आणि सहायक प्राध्यापकाला चारच विद्यार्थी घेता येतात. त्यामुळे विभागाच्या संकेतस्थळावर रिक्त जागा किती ते आधी बघा.

दुसरी गोष्ट विचारायला लोक लाजतात, पण विचारावीच लागते: सर किंवा मॅडम निवृत्त कधी होणार? निवृत्तीला तीन वर्षांहून कमी राहिली असतील तर त्यांना नवा विद्यार्थी घेता येत नाही. साडेतीन राहिली असतील तर नियमात बसतं, पण तुमच्या प्रबंधाच्या शेवटच्या वर्षी ते विभागात नसतील. थेट विचारायला जड जात असेल तर विभागातल्या वरिष्ठ विद्यार्थ्याला विचारा. त्याला तारीख पाठ असते.

भेटायला जाताना चाळीस पानी आराखडा नेऊ नका. दोन पानं न्या: प्रश्न, तो कुणी आधी कसा हाताळला, कागद कुठे आहे आणि तो मिळेल असं कशावरून. आणि त्यांनी मार्गदर्शन केलेला एखादा तरी प्रबंध शोधगंगावर वाचून जा. देशभरातले प्रबंध तिथे मोफत वाचता येतात. निदान प्रस्तावना आणि शेवटचं प्रकरण वाचा. प्राध्यापक कशाला ‘चांगलं काम’ म्हणतात ते त्यातून कळतं. तुमचा विषय कायद्याचा असेल आणि त्यांच्या सगळ्या विद्यार्थ्यांनी प्रश्नावल्या वाटून टक्केवाऱ्या काढल्या असतील, तर तुम्हालाही तेच करायला लावतील, हे गृहीत धरा.

परीक्षा आणि मुलाखत

जून २०२४ पासून नेटचा निकाल तीन प्रकारांत लागतो: फेलोशिपसह, सहायक प्राध्यापकपद आणि पीएचडी प्रवेशासाठी, आणि फक्त पीएचडी प्रवेशासाठी. शेवटच्या दोन प्रकारांत प्रवेशासाठी गुणांना ७० टक्के आणि मुलाखतीला ३० टक्के वजन असतं आणि ते गुण एकच वर्ष चालतात. परीक्षा जून आणि डिसेंबर अशी वर्षातून दोनदा. विषय निवडताना कायदा ५८, राज्यशास्त्र ०२, लोकप्रशासन १४, समाजशास्त्र ०५ हे संकेतांक लक्षात ठेवा; सायबर कॅफेत फॉर्म भरून घेणाऱ्यांनी तर विशेष. पहिला पेपर ५० प्रश्नांचा, दुसरा १०० चा, मिळून तीन तास. चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत, तेव्हा एकही प्रश्न कोरा ठेवू नका.

काही विद्यापीठं स्वतःचीही परीक्षा घेतात. मुंबई विद्यापीठाची पेट त्यातलीच. अशा परीक्षेत निम्मे प्रश्न संशोधन पद्धतीवर असतात. वकील मंडळी इथेच गडगडतात. नमुना निवड, गृहीतक, चल या गोष्टी एलएलबीत कुणी शिकवलेल्या नसतात. महिनाभर रोज तासभर दिला तर जमतं.

मुलाखतीत हमखास येणारा प्रश्न: ‘यावर वर्तमानपत्रात लेख लिहिता आला असता, पीएचडी कशाला?’ उत्तर तयार ठेवा. लेख एका फायलीवर लिहिता येतो. एकाच प्रकारच्या शेकडो फायलींत काय सारखं घडतं ते सांगायला प्रबंध लागतो. सामाजिक तळमळ सगळ्यांकडे असते, पॅनेलला ती रोज दिसते. तुम्ही काय मोजणार, काय वाचणार, आणि उत्तर तुमच्या अपेक्षेविरुद्ध आलं तर काय कराल, हे सांगा.

पैसे

जेआरएफ, म्हणजे नेटमधून मिळणारी फेलोशिप, मिळाली तर पहिली दोन वर्षं महिना ३७,००० आणि पुढे ४२,०००, वर घरभाडं भत्ता. ती घेताना दुसरी पगारी नोकरी चालत नाही. महाराष्ट्रात राज्य सरकारच्या संस्थांपैकी बार्टी अनुसूचित जातींसाठी, सारथी मराठा-कुणबी समाजासाठी, महाज्योती ओबीसी आणि भटक्या-विमुक्तांसाठी फेलोशिप देते. यांच्या जाहिराती केव्हा येतील आणि पहिला हप्ता केव्हा पडेल याचा नेम नाही, म्हणून पहिल्या वर्षाचा खर्च त्या भरवशावर बेतू नका. जातवैधता आणि नॉन-क्रीमीलेअरचे कागद प्रवेशाच्या आधीच हाताशी ठेवा.

कोर्सवर्क किमान १२ श्रेयांकांचं असतं. संशोधन पद्धती, प्रकाशन नीती आणि एखाद-दुसरा विषयाचा पेपर, ५५ टक्के गुण. हजेरी लागते. त्याबद्दल यापेक्षा जास्त सांगण्यासारखं काही नाही.

कागद मिळवणं: इथे खरी वर्षं जातात

माहिती अधिकाराचा अर्ज सगळ्यांना माहीत आहे. संशोधनासाठी तो करायची रीत मात्र वेगळी आहे.

अर्जाआधी उघड असलेलं सगळं गोळा करा. कलम ४(१)(ख) खाली प्रत्येक कार्यालयाने १७ बाबी स्वतःहून जाहीर करायच्या असतात. त्यात कुठल्या पदाकडे कुठला अधिकार आणि कुठली नोंदवही आहे ते कळतं. राज्याचे शासन निर्णय संकेतस्थळावर असतात आणि प्रत्येकावर अठरा आकडी संकेतांक असतो. त्यातले पहिले आठ आकडे म्हणजे वर्ष, महिना, दिवस. निर्णयाच्या माथ्यावरची तारीख आणि संकेतांकातली तारीख वेगळी असेल तर निर्णय झाला कधी आणि लोकांना दिसला कधी यातलं अंतर तुमच्या हाती आलं. काही विषयांत तोच पुरावा ठरतो. विधिमंडळातल्या तारांकित प्रश्नांची उत्तरं, कॅगचे नागरी स्वराज्य संस्थांवरचे अहवाल, न्यायालयांत महापालिकेने दाखल केलेली प्रतिज्ञापत्रं हे सगळं वाचून झालं, की उरलेल्या भोकांसाठी अर्ज.

महाराष्ट्राच्या नियमांप्रमाणे एका अर्जात एकच विषय आणि १५० शब्द. जोडपत्र ‘अ’, दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प. अर्ज नागरिक म्हणून करा, विद्यापीठाच्या लेटरहेडवर नको. माहिती कशाला हवी हे सांगायची गरज नाही, कलम ६(२) तसं स्पष्ट म्हणतं. ‘संशोधनासाठी हवी आहे’ असं लिहिलं की समोरचा ‘विद्यापीठामार्फत या’ म्हणतो आणि तुम्ही दोन महिने मागे जाता.

‘का’ विचारू नका. ‘निर्णय का घेतला?’ याला ‘माहिती या संज्ञेत बसत नाही’ असं उत्तर येतं आणि ते बरोबरही असतं. आदित्य बंडोपाध्याय प्रकरणात २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगून ठेवलंय की जे अभिलेखात आहे तेच द्यायचं, नव्याने तयार करायचं नाही. त्याऐवजी लिहा: ‘अमुक ठराव क्रमांकाच्या नस्तीतील टिप्पणी भाग व पत्रव्यवहार भाग यांची पृष्ठ क्रमांकांसह छायांकित प्रत.’ नस्ती म्हणजे फाइल. टिप्पणी हा शब्द लिहिला नाही तर नुसता पत्रव्यवहार मिळतो, म्हणजे तुम्हाला जे हवं होतं ते सोडून सगळं. पृष्ठ क्रमांक मागण्याचं कारण, मधलं पान नसलं तर लगेच दिसतं.

फायली खूप असतील तर प्रती मागण्याऐवजी अवलोकन मागा. दुपारी जेवणानंतरची वेळ घ्या. बसायला कोपऱ्यातली खुर्ची मिळते, शेजारी वॉटर कूलर असतो आणि तासाभरात लिपिकालाच कुतूहल वाटून तो सांगतो, ‘मॅडम, ही जुनी फाइल आहे, हिची पुढची वेगळी बांधलीये.’ असं वाक्य कुठल्याही लेखी उत्तरात येत नाही. नोंदवहीत त्याच दिवशी तारखेसह लिहून ठेवा.

तीस दिवसांत उत्तर आलं नाही, तर पहिलं अपील, वीस रुपये, जोडपत्र ‘ब’. ते फेटाळलं गेलं किंवा मुदतीत निर्णयच आला नाही, तर ९० दिवसांच्या आत दुसरं अपील. ते आपल्याकडच्यांसाठी बेलापूरच्या कोकण भवनातल्या राज्य माहिती आयोगाच्या कोकण खंडपीठाकडे जातं. सुनावणी कधी लागेल हे तुमच्या हातात नाही, म्हणून एखादं अख्खं प्रकरण एकाच अपिलावर टांगून ठेवू नका. वेगवेगळ्या विभागांत वेगवेगळे अर्ज टाका. तोच कागद नगररचनेत नाही मिळाला तर लेखा विभागात मिळतो, कारण बिल काढायला त्यांनी प्रत जोडलेली असते.

वैयक्तिक माहितीचं कलम ८(१)(ञ), ज्याला सगळे ‘आठ एक जे’ म्हणतात, ते २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने आवळलं गेलंय. लाभार्थ्यांची, झोपडीधारकांची नावनिशी मागाल तर नकार धरूनच चाला. नावं वगळून, फक्त तारीख, प्रभाग आणि निर्णय मागा. तुमच्या प्रश्नाला बहुधा तेवढंच लागतं. नावाशिवाय अडतच असेल तर कलम ८(२) मधलं व्यापक जनहित अजून जागेवर आहे, अपिलात त्याचा आधार घ्या.

न्यायालयांच्या बाजूने काम सोपं झालंय. ठाणे जिल्हा न्यायालय आणि बेलापूरच्या न्यायालयातल्या दाव्यांची स्थिती ई-कोर्टवर दिसते, सर्वोच्च न्यायालयाचे निकाल ई-एससीआरवर फुकट मिळतात. एक सावधगिरी: ई-कोर्टवर ‘निकाली’ दिसणारा दावा तडजोडीने गेला, काढून घेतला की हजर न राहिल्याने फेटाळला, हे रोजनामा, म्हणजे दाव्याची तारीखवार नोंद, वाचल्याशिवाय मोजू नका. नुसत्या ‘निकाली’ संख्येवर उभं केलेलं प्रकरण परीक्षक पाच मिनिटांत पाडतो.

जुन्या संदर्भांसाठी ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय विसरू नका. १८९३ पासूनची संस्था आहे आणि ठाण्यातला विद्यार्थी फोर्टला जाण्याआधी तिथे क्वचितच डोकावतो.

माणसांशी बोलणं

कागद वाचल्याशिवाय अधिकाऱ्याची मुलाखत घेऊ नका. ‘धोरण कसं आहे?’ असं विचारलंत तर तो धोरणच वाचून दाखवेल. ‘या नस्तीत पान २३ वर चर्चा करावी असं आहे आणि २४ वर मान्यता आहे, अशा वेळी साधारण कोण कोण बसतं?’ असं विचारलंत तर तो आधी तुमच्याकडे बघेल, मग दार लावेल, मग बोलेल. निवृत्त अधिकारी जास्त मोकळे असतात. नगरसचिव कार्यालयातून निवृत्त झालेला माणूस सापडला तर त्याला सोडू नका, सभागृहाची सगळी पद्धत त्याच्या तोंडावर असते.

प्रकल्पग्रस्तांच्या गावात जाताना वेगळी काळजी लागते. कोपरखैरण्यापासून उरणपर्यंत ही गावं सर्वेक्षणांना विटलेली आहेत. दादा, काका, मावशी म्हणून बसा, पण तुमच्या प्रबंधाने कुणाचं घर नियमित होणार नाही हे पहिल्या पाच मिनिटांत सांगा. संमतीपत्र मराठीत असू द्या आणि वाचून दाखवा. अनधिकृत बांधकामाबद्दल बोलणाऱ्या माणसाचं नाव, घर क्रमांक, अगदी आळीचं नावही प्रबंधात नको. गाव छोटं असतं, ओळख पटायला तेवढं पुरतं. संस्थेच्या नैतिकता समितीची मंजुरी पहिल्या मुलाखतीच्या आधी घ्यायची असते, नंतर नाही.

लिहिणं आणि सादर करणं

दर सत्राला सल्लागार समितीपुढे प्रगती मांडावी लागते. तिला कटकट समजू नका. लिहून झालेलं प्रकरण समितीपुढे ठेवलं की तेवढं तरी पूर्ण होतं.

प्रकरणांची रचना ‘दुसरं प्रकरण कायदा, तिसरं प्रकरण क्षेत्रकार्य’ अशी केलीत तर आंतरविद्याशाखीय फक्त मुखपृष्ठ राहील. प्रत्येक प्रकरण एका निर्णयाभोवती किंवा एका टप्प्याभोवती बांधा, आणि त्यातच कलम, निकाल, टिप्पणी आणि मुलाखत एकमेकांना उत्तरं देऊ द्या. धोकादायक इमारतींचा विषय असेल तर नोटीस, तपासणी, स्थलांतर, पाडकाम अशी प्रकरणं पडतात. लिहायला हे अवघड जातं, वाचायला बरं.

साहित्यचोरीच्या तपासणीची कायद्याच्या विद्यार्थ्यांना उगाच धास्ती असते, कारण कलमं आणि निकाल जसेच्या तसे द्यावे लागतात. आयोगाचे २०१८ चे नियम वाचून ठेवा: साम्य १० टक्क्यांपर्यंत असेल तर दंड नाही, आणि मोजताना संदर्भासह दिलेली अवतरणं, संदर्भसूची, कायद्यांचा मजकूर आणि सलग १४ शब्दांपर्यंतची सामान्य वाक्यं वगळायची असतात. ग्रंथालयातल्या माणसाने वगळणूक न लावताच अहवाल काढला तर ४० टक्केही दिसतात. घाबरून वाक्यं फिरवत बसण्याआधी अहवाल पुन्हा काढायला सांगा. कलमाचं वाक्य स्वतःच्या शब्दांत फिरवलं की ते कायदाच राहत नाही.

प्रबंध दिल्यावर दोन बाह्य परीक्षकांकडे जातो. एकाने नाकारला तर तिसऱ्याकडे. सादर केल्यापासून सगळी प्रक्रिया सहा महिन्यांत पुरी व्हावी असं नियम म्हणतो. सहा महिने उलटले तर विभागाला विनंतीपत्र द्या, आवक शिक्का मारून पोच घ्या, आणि पंधरा दिवसांनी त्या आवक क्रमांकावर विचारणा करा. फायली वाचण्यात तीन वर्षं घालवलेल्या माणसाला ती फाइल कुठल्या टेबलावर अडली असेल हे शोधणं जड जाऊ नये.